एकच स्की एकाला लवचीक आणि दुसऱ्याला डळमळीत का वाटते?

हिवाळ्यात महाराष्ट्रातून गुलमर्गला किंवा औलीला जाणारे सगळेच केवळ बर्फ पाहायला जात नाहीत. प्रशिक्षणवर्गात नाव घालून स्कीइंग शिकणारेही त्यांत असतात. कोलोरॅडो, ब्रिटिश कोलंबिया किंवा आल्प्सच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या घरी तर स्वतःच्या स्की घेण्याचा विषय दर हंगामाला निघतो. अशा वेळी दुकानदार हमखास एक प्रकार पुढे करतो: ‘ऑल-माउंटन’, म्हणजे डोंगराच्या सगळ्या भागांत चालणारी, आणि त्यातही ‘प्लेफुल’, म्हणजे खेळकर. मग खरेदी करू पाहणारा माणूस त्या स्कीबद्दलची मते वाचू लागतो आणि गोंधळून जातो. एक जण लिहितो की ही स्की मनात येईल तशी वळते, तर दुसरा लिहितो की थोडा वेग घेतला की ती थरथरते आणि भरवसा वाटत नाही. दोघांनीही तीच स्की वापरलेली असते आणि दोघेही खरे बोलत असतात.

हा विरोधाभास सुटू शकतो, आणि त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. स्कीचे वागणे हे तिच्या एकटीचे नसते, तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे वजन, त्याचा वेग आणि त्याची उभे राहण्याची पद्धत यांनी ते ठरते, हे एकदा लक्षात आले की बाकीचे तपशील जागच्या जागी बसतात.

## आधी स्कीचा आकार

दूरचित्रवाणीवर हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपण ज्या स्की पाहतो, त्या एकाच कामासाठी घडवलेल्या असतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला काश्मीरचा आरिफ खान स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या, रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या दोन प्रकारांत उतरला होता, आणि या दोन्हींसाठी त्याला वेगवेगळ्या स्की लागल्या असणार, कारण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे नियमच तसे आहेत. पुरुषांच्या स्लॅलमची स्की किमान १६५ सेंमी लांब असावी लागते, तर जायंट स्लॅलमची किमान १९३ सेंमी लांब आणि किमान ३० मीटर वळणत्रिज्येची असावी लागते.

वळणत्रिज्या म्हणजे काय, हे समजायला स्की वरून पाहावी. तिची दोन्ही टोके रुंद आणि मधला भाग, ज्याला स्कीची कंबर म्हणतात, तो अरुंद असतो. त्यामुळे तिच्या दोन्ही कडा सरळ रेषेत नसून आत वळलेल्या असतात. ही कड एखाद्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे असे मानले, तर त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे स्कीची वळणत्रिज्या. स्की एका बाजूला कलवली, की पोलादी कड बर्फात रुतते, स्की वाकते आणि कडेने आखलेल्या चापावरून माणूस वळतो. जितके अधिक कलवावे तितके वळण लहान होते. १८ मीटर त्रिज्येची स्की कठीण बर्फावर ६० अंशांनी कलवली, तर वळण ढोबळमानाने ९ मीटर त्रिज्येचे होते. अशा कोरीव वळणाला कार्व्हिंग म्हणतात. दुसरी रीत म्हणजे स्कीचा मागचा भाग बाजूला घसरवत, जागच्या जागी फिरवत वळणे. नवशिका सुरुवातीला हेच करतो, पण झाडीत, अरुंद घळीत आणि उंचवट्यांच्या उतारावर कसलेला माणूसही हेच करतो, आणि खेळकर स्कीचा जीव या दुसऱ्या रीतीत आहे.

ऑल-माउंटन स्कीची कंबर साधारण ८५ ते १०५ मिमी असते. त्यातली खेळकर स्की बहुधा ९५ मिमीच्या पुढची असते. स्लॅलमच्या स्कीची कंबर सत्तर मिलिमीटरच्याही आत असते, यावरून फरकाचा अंदाज यावा.

## कमान आणि उचललेली टोके

आता तीच स्की सपाट जमिनीवर ठेवून बाजूने पाहावी. पारंपरिक स्कीचा मध्यभाग जमिनीपासून काही मिलिमीटर वर उचललेला दिसतो. या कमानीला कॅम्बर म्हणतात. माणूस उभा राहिला की कमान दबते, आणि दबलेल्या कमानीच्या जोरामुळे टोकांपर्यंतची कड बर्फाला धरून राहते. याच्या उलट, टोके जमिनीपासून लवकर आणि हळूहळू वर उचलली जाण्याच्या रचनेला रॉकर म्हणतात. रॉकर असलेले टोक मऊ बर्फात रुतत नाही, वर तरंगते, आणि कठीण बर्फावर ते हवेतच राहात असल्याने प्रत्यक्ष टेकलेली कड आखूड होते. कड आखूड म्हणजे फिरवणे सोपे आणि पकड कमी.

खेळकर ऑल-माउंटन स्कीमध्ये पायाखाली कॅम्बर आणि दोन्ही टोकांना रॉकर असतो. मागचे टोकही पुढच्यासारखेच वर वळवलेले असते, म्हणजे उलट्या दिशेनेही घसरता येते. टोके मऊ आणि हलकी ठेवलेली असतात. हे हलकेपण महत्त्वाचे आहे, कारण फिरवण्याच्या प्रयासावर वस्तुमानाच्या अंतराचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो: पायापासून दुप्पट अंतरावर ठेवलेले शंभर ग्रॅम चौपट जड जातात. शिवाय बूट अडकवण्याची साधने, म्हणजे बाइंडिंग, पारंपरिक स्कीपेक्षा मध्याच्या अधिक जवळ बसवली जातात. पारंपरिक स्कीवर ती लांबीच्या मध्यबिंदूपासून साधारण ८ ते १२ सेंमी मागे असतात, खेळकर स्कीवर अनेकदा ३ ते ६ सेंमीच.

आतली रचनाही तितकीच बोलकी असते. अ‍ॅटॉमिक कंपनीची बेंट १०० आणि नॉर्डिका कंपनीची एन्फोर्सर १०० या दोन्हींची कंबर १०० मिमी, पण पहिलीचा गाभा हलक्या लाकडाचा आणि दुसरीत लाकडाच्या वर-खाली टायटॅनल या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन पत्रे. कागदावर मोजमाप जवळजवळ सारखे, बर्फावर मात्र दोन वेगळ्या स्वभावांच्या स्की. धातूचे पत्रे कंपने शोषतात, स्कीला पीळ पडू देत नाहीत, आणि वजनही वाढवतात. खरेदीच्या वेळी केवळ कंबरेच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांनी या जोडीचा अवश्य विचार करावा.

## ही रचना आली कुठून

१९९० पूर्वी बहुतेक स्की लांब आणि जवळजवळ सरळ कडांच्या होत्या. १९९३ मध्ये स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने खोल कंबरेची एससीएक्स ही स्की आणली, आणि कार्व्हिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याच दशकाच्या अखेरीस सॅलोमनच्या टेनएटी या स्कीने मागचे टोकही वर वळवले. स्कीपटू माइक डग्लस आणि त्याच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांना उड्या मारून उलटे उतरता यावे, हा त्यामागचा हेतू होता. तिसरा धागा शेन मॅकॉन्की या विलक्षण कल्पक स्कीपटूचा. खोल बर्फात स्कीने कापत जाण्याऐवजी पाण्यावरच्या स्कीसारखे वर तरंगावे, हे त्याने ओळखले. अलास्कात त्याने खरोखरच पाण्यावरच्या स्कीला बाइंडिंग लावून उतार उतरून पाहिले. त्याच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला ही उलट्या कमानीची स्की २००२ मध्ये बाजारात आली. आजची खेळकर ऑल-माउंटन स्की या तिन्ही धाग्यांची वीण आहे.

## वजन आणि वेग

मालवाहू ट्रकच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात. रिकामा ट्रक त्याच पाट्यांवर खड्ड्याखड्ड्याला दणके देतो, कारण पाटे दबण्याइतका भारच नसतो. योग्य भरलेला ट्रक त्याच रस्त्यावर शांत चालतो. क्षमतेपेक्षा जास्त भरला, तर पाटे पार सपाट होतात आणि गाडी डोलू लागते. पाटे तेच असतात, भार बदलतो. स्कीची कमान हा असाच एक पाटा आहे, आणि एकाच स्कीबद्दल परस्परविरोधी मते येण्याचे मूळ कारण इथे आहे.

स्कीवरचा भार मात्र केवळ वजनाचा नसतो, आणि ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. वळताना शरीराला बाहेर फेकू पाहणारा जोर स्कीवर येतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० किलो वजनाचा माणूस ताशी ३६ किलोमीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल, तर उताराचा कोन बाजूला ठेवून केलेल्या ढोबळ हिशेबाने त्याच्या स्कीवर सुमारे ७३ किलोंइतका भार पडतो. तोच माणूस तेच वळण ताशी ५४ किलोमीटरने घेईल, तर भार ११० किलोंच्या घरात जातो. म्हणजे साठ किलोंचा वेगवान माणूस आणि नव्वद किलोंचा संथ माणूस स्कीच्या दृष्टीने एकमेकांच्या बरेच जवळ असतात.

हे लक्षात घेऊन खेळकर स्कीवर तीन वेगवेगळी माणसे उभी करून पाहू. पंचावन्न किलोंची, मध्यम वेगाने जाणारी, दोन-तीन हंगाम शिकलेली व्यक्ती या स्कीची कमान सहज दाबू शकते. तिला स्की वाकल्याची जाणीव होते, वळण संपताना कमान परत उसळून पुढच्या वळणात ढकलते, आणि स्की जिवंत वाटते. हीच व्यक्ती दोन धातुपत्र्यांच्या स्कीवर रिकाम्या ट्रकचा अनुभव घेते. दुसरी व्यक्ती सत्तर-पंचाहत्तर किलोंची आणि वेग आवडणारी. तिला ही स्की अर्धा दिवस अतिशय आवडेल, पण दुपारी उतार तुडवला गेला आणि बर्फाचे विस्कटलेले ढीग झाले, की हलकी टोके प्रत्येक ढिगावर आपटून दिशा सोडू लागतील. तिसरी व्यक्ती नव्वद किलोंची, पूर्वी शर्यतीत उतरलेली. तिच्या कलवण्याच्या जोरापुढे मऊ टोक घडी घातल्यासारखे वाकेल, कडेची पकड सुटेल, आणि तिचे मत ‘डळमळीत’ असेच येईल. या तिघांपैकी कोणाचेही मत चुकीचे नाही. मत वाचताना लिहिणाऱ्याचे वजन आणि वेग माहीत नसेल, तर ते मत अर्धेच आहे असे मी समजतो.

## उभे राहण्याची पद्धत

वजन आणि वेग सारखे असूनही दोन माणसांचे अनुभव वेगळे येतात. याचे कारण ते बुटात कसे उभे राहतात, यात असते.

जुन्या शाळेत शिकलेला माणूस नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून, शरीर पुढे झुकवून वळण सुरू करतो. लांब आणि ताठ पुढचे टोक त्याचा हा दाब झेलते आणि त्याला वळणात ओढून नेते. खेळकर स्कीवर बाइंडिंग मध्याच्या जवळ असल्याने पायापुढे उरणारी लांबी कमी असते, त्यात टोक मऊ आणि वर उचललेले असते. तेव्हा तोच दाब दिला की टोक वाकते, मागचा भाग सुटतो आणि माणसाला पुढे पडल्यासारखे वाटते. याउलट, दोन्ही पायांवर मधोमध तोल ठेवून, घोट्यातून आणि गुडघ्यातून स्की फिरवणारा माणूस याच रचनेवर खुलतो. त्याला टोके आड येत नाहीत, झाडांच्या दाटीत क्षणात दिशा बदलता येते, आणि छोट्या उंचवट्यावरून उडी मारून उतरताना मागे-पुढे सारखा आधार मिळतो.

म्हणून शर्यतीची शिस्त अंगी असलेल्या माणसाला मी खेळकर स्की वाईट आहे असे सांगणार नाही. त्याला काही दिवस उभे राहण्याची रीत बदलून पाहायला सांगेन. पुष्कळांना त्यात नवा आनंद मिळतो. ज्यांना मिळत नाही, त्यांनी निःशंकपणे ताठ स्कीकडे परत जावे.

इथेच बुटांचेही सांगायला हवे. सैल बुटात पाय हलत असेल, तर पायाची सूचना स्कीपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग स्कीच्या स्वभावाबद्दलची सगळी चर्चा फोल ठरते. पैसे मर्यादित असतील, तर आधी नीट बसणारे बूट घ्यावेत आणि स्की भाड्याने वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

## रुंद स्कीवर तोल सांभाळणे सोपे नसते का?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि मऊ बर्फापुरते त्याचे उत्तर होकारार्थी आहे. १८० सेंमी लांब आणि सरासरी ११ सेंमी रुंद अशा दोन स्की मिळून सुमारे ०.४ चौरस मीटर जागेवर माणसाचे वजन पसरवतात, त्यामुळे माणूस कमी बुडतो. पण इथेही वजन आलेच: पंचावन्न किलोंच्या माणसाला ९५ मिमी कंबरेची स्की जेवढी तरंगवते, तेवढे तरंगायला नव्वद किलोंच्या माणसाला बरीच मोठी स्की लागते.

कठीण बर्फावर मात्र चित्र उलटते. पाय स्कीच्या मध्यरेषेवर असतो आणि आधार कडेवर मिळतो. कंबर जितकी रुंद तितकी कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर, आणि स्की कलती ठेवण्यासाठी घोट्याला आणि गुडघ्याला तितका अधिक जोर लावावा लागतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाही वेळ अधिक लागतो. यंत्राने सपाट केलेल्या उतारांवरच दिवस घालवणाऱ्याने १०० मिमीची स्की घेतली, तर तो न मिळणाऱ्या फायद्यासाठी रोज किंमत मोजत राहतो. अशा माणसाला ८० ते ८८ मिमी पुरेशी होते.

## मग नवशिक्याने ही स्की घ्यावी का?

पहिल्या काही दिवसांत नाही. खेळकर स्की घसरवून फिरवणे इतके सोपे करते, की कड धरायला शिकण्याची गरजच भासत नाही. नवशिका आठवडाभरात उतारावरून खाली येऊ लागतो, पण कठीण बर्फावर उभे राहिल्यावर त्याच्या लक्षात येते की स्की फक्त घसरते, धरत नाही. सुरुवातीला ७५ ते ८५ मिमी कंबरेची, मऊ, उंचीपेक्षा आखूड स्की कडेची जाणीव लवकर देते. दोन्ही स्की समांतर ठेवून वळणे घेता येऊ लागली आणि पाऊल आखलेल्या उताराबाहेर पडू लागले, की खेळकर ऑल-माउंटन स्कीचा उपयोग सुरू होतो. या मधल्या टप्प्यावरच्या माणसाइतका फायदा क्वचितच दुसऱ्या कोणाला होत असेल: चुका झाल्या तरी मागचे टोक अडकून बसत नाही, चुकीच्या जागी सुरू केलेले वळण सावरता येते, आणि थकलेल्या पायांनाही स्की फिरते.

पन्नाशीनंतर स्कीइंग करणाऱ्यांनाही हाच क्षमाशील स्वभाव मानवतो, फक्त कठीण बर्फावर गुडघ्यांवर येणाऱ्या जोराचा विचार करून कंबर ९० मिमीच्या आसपास ठेवावी. स्त्रियांच्या स्कीबद्दलही वारंवार विचारले जाते. काही कंपन्या स्त्रियांसाठीच्या स्कीचा गाभा खरोखर हलका करतात, तर काही ठिकाणी फरक रंगाचा आणि उपलब्ध लांबीचा असतो. वजन, वेग आणि कौशल्य पाहून निवडले, तर कोणाच्या नावाने स्की विकली जाते याला फारसे महत्त्व उरत नाही.

## गुलमर्गमध्ये काय मागावे

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरच्या वर नेतो, आणि तिथला बहुतेक उतार यंत्राने सपाट केलेला नसतो. ताज्या बर्फात तिथे ९५ ते १०५ मिमीची खेळकर स्की अगदी योग्य जागी असते. शिकवणीचा सखल उतार वेगळा आणि हा वेगळा, हे भाड्याच्या दुकानात स्पष्ट सांगावे. स्कीने उतरणे सोपे केले तरी हिमस्खलनाचा धोका तिळभरही कमी होत नाही. वरच्या टप्प्यावर स्थानिक मार्गदर्शक आणि हिमस्खलनात शोध घेणारे उपकरण यांच्याशिवाय जाऊ नये.

दुकानात वजन खरे सांगावे, कारण स्कीची निवडच नव्हे, तर पडल्यावर बूट किती जोराला सुटावा याचा बाइंडिंगवरचा आकडाही वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरतो. तो आकडा जाणकारानेच लावावा. मग स्कीची कड नखावरून अलगद फिरवून पाहावी. नखाची बारीक भुकटी निघाली नाही, तर कड बोथट आहे, आणि बोथट कडेच्या स्कीवरून कोणत्याही स्कीबद्दल मत बनवू नये.

लांबीबाबत शेवटचा एक प्रश्न राहतो. रॉकरमुळे प्रत्यक्ष टेकणारी कड आखूड होत असल्याने खेळकर स्की डोक्याइतकी किंवा चार-पाच सेंटिमीटर अधिक उंच घेतली तरी ती फिरवायला जड जात नाही. जी स्की वेगात थरथरते अशी तक्रार असते, तीच एक माप लांब घेतल्यावर अनेकदा शांत होते. आणि जी मंद वाटते, ती एक माप आखूड घेतल्यावर जागी होते. शक्य असेल तिथे तीच स्की दोन लांबींत, त्याच उतारावर, एकदा सकाळच्या कठीण बर्फावर आणि एकदा दुपारच्या तुडवलेल्या बर्फावर वापरून पाहावी, आणि मगच विकत घ्यावी.